गहू, ग्लुटेन आणि आतड्यांचे आजार

'गहू बंद केला आणि पोटाचा त्रास थांबला' असे सांगणारे कोणी ना कोणी आज प्रत्येकाला भेटते. दुकानांत 'ग्लुटेनमुक्त' असे छापलेली पिठे आणि बिस्किटे मिळतात. आतड्यांच्या जुनाट दाहाचे रुग्ण बहुधा तरुण असतात. वर्षानुवर्षे गोळ्या घेऊन कंटाळलेले हे रुग्ण मोठ्या आशेने या आहाराकडे वळतात. काही जण तर औषध सोडून केवळ पथ्यावर राहू पाहतात. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारायला हवा. गहू सोडल्याने आजार बरा होतो, हे कशावरून?

उत्तर आजारावर अवलंबून आहे. एका आजारात हे पथ्य हाच संपूर्ण उपचार आहे. दुसऱ्या काही आजारांत ते उपचार म्हणून सिद्ध झालेले नाही. लक्षणे मात्र पुष्कळ सारखी असतात आणि घोटाळा तिथेच होतो.

ग्लुटेन हातात घेऊन पाहू

वर्गात सहज करता येईल असा प्रयोग आहे. वाटीभर मैदा पाण्यात घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग तो गोळा पातेल्यातील पाण्यात हलक्या हाताने चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. ते वेगळे काढून ठेवा आणि नवे पाणी घ्या. पाणी स्वच्छ राहू लागेपर्यंत धुतले, की हातात एक करडा, चिवट, रबरासारखा ताणला जाणारा गोळा उरतो. हे ग्लुटेन. पांढऱ्या पाण्यात आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकला तर निळा-काळा रंग येतो, म्हणजे ते पिष्ट. हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर केला तर सगळा गोळा पाण्यात विस्कटून जातो, हातात काहीच उरत नाही.

इटलीतील बोलोन्या येथे बेक्कारी यांनी अठराव्या शतकात अशाच रीतीने गव्हाच्या पिठातून हा चिवट पदार्थ वेगळा काढला. आपल्याकडे कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून चीक काढतात, तेही एक प्रकारे हेच विलगीकरण. चिकात मुख्यतः पिष्ट येते, चोथ्यात कोंडा आणि बरेचसे ग्लुटेन राहते.

ग्लुटेन मुख्यतः दोन प्रकारच्या प्रथिनांचे बनलेले असते : ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पोळी लाटताना तुटत नाही आणि पाव फुगतो, ही त्यांचीच किमया. राय आणि सातू या धान्यांतही अशीच प्रथिने असतात. या प्रथिनांत प्रोलीन आणि ग्लुटामीन ही अमिनो आम्ले फार असल्याने आपले पाचकरस त्यांचे पूर्ण तुकडे करू शकत नाहीत. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा पचनातून जवळजवळ जसाच्या तसा शिल्लक राहतो, असे २००२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी दाखवले. बहुतेकांना त्याचा काही उपद्रव होत नाही. काहींना मात्र होतो.

जिथे पथ्य हेच औषध

लहान आतड्याच्या आतील अस्तरावर बोटांसारखे असंख्य रसांकुर असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते. सीलिअॅक या आजारात ग्लुटेनचे अर्धवट पचलेले तुकडे अस्तरात शिरतात. तेथील ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर त्यांच्यात थोडा रासायनिक बदल करते. बदललेले तुकडे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला शत्रू वाटतात आणि ती हल्ला चढवते. त्यात स्वतःच्याच आतड्याचे अस्तर होरपळते आणि रसांकुर झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम, स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. जुलाब, फुगलेले पोट, रक्तक्षय, खुंटलेली उंची ही त्याची लक्षणे.

यासाठी विशिष्ट जनुके असावी लागतात. पण ती असलेल्या बहुतेकांना आजार होत नाही. भारतात निरनिराळ्या प्रदेशांत केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ही जनुके उत्तरेत आणि दक्षिणेत जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळली. आजार मात्र उत्तरेत शंभरात सुमारे एकाला, तर दक्षिणेत अत्यंत क्वचित दिसला. पाहणीतील उत्तरेकडील माणसे दिवसाला सरासरी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खात होती, दक्षिणेकडील सुमारे २५ ग्रॅम. जनुके आणि गहू या दोन्हींचा संबंध यातून स्पष्ट होतो.

डिके यांनी काय केले?

या आजाराचा आहाराशी संबंध आहे, हे लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी १८८८ साली लिहून ठेवले होते. पण नेमका कोणता पदार्थ बाधतो, हे कळत नव्हते. १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारत. म्हणून केळ्यातच काही औषधी गुण असावा, अशी समजूत पसरली. खरे तर गुण केळ्यात नव्हता. त्या आहारातून पाव वगळला गेला होता, म्हणून मुले सुधारत होती.

हे उलगडले हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. हेग येथील मुलांच्या रुग्णालयात १९३०च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय येऊ लागला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंदही खाल्ले. तेव्हाच्या अनुभवाने त्यांचा संशय बळावला.

डिके यांचे मोठेपण असे, की ते एवढ्यावर थांबले नाहीत. दुष्काळात गव्हाबरोबर इतरही शंभर गोष्टी बदलल्या होत्या. म्हणून त्यांनी त्याच मुलांना काही काळ गहू असलेला आणि काही काळ गहू नसलेला आहार दिला आणि दर वेळी काय होते याची काळजीपूर्वक नोंद केली. १९५० साली उट्रेख्त येथे त्यांनी हा प्रबंध सादर केला. त्यांचे सहकारी वायर्स आणि व्हॅन द कामर यांच्याबरोबर त्यांनी शौचातून न शोषलेली चरबी किती बाहेर पडते हे मोजले. गहू दिला की चरबी वाढे, तांदूळ किंवा मक्याचे पिष्ट दिले की वाढत नसे. पुढे गव्हाचे पिष्ट आणि ग्लुटेन वेगळे करून दिले, तेव्हा दोषी ठरले ते ग्लुटेन. आपण वर पातेल्यात केलेले विलगीकरणच इथे कामी आले. नंतर १९५०च्या दशकात आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून तपासण्याची सोय झाली. गहू सोडल्यावर रसांकुर पुन्हा उगवतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. १९९७ साली ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धची प्रतिपिंडे ओळखली गेली आणि निदान रक्ततपासणीच्या आवाक्यात आले.

दाहाचे आजार वेगळे

आता क्रोन्सचा आजार आणि व्रणयुक्त बृहदांत्रदाह यांच्याकडे वळू. क्रोन्समध्ये तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गाच्या कोणत्याही भागाला, भिंतीच्या पूर्ण जाडीत दाह होऊ शकतो. बृहदांत्रदाह मोठ्या आतड्यात, त्याच्या अस्तरात राहतो. यांतही प्रतिकारयंत्रणा बिथरलेली असते. पण सीलिअॅकमध्ये ग्लुटेन सापडले, तसा एकच दोषी पदार्थ येथे सापडलेला नाही. अनेक जनुके, आतड्यातील जीवाणू आणि परिसर यांची ही गुंतागुंत आहे.

मग या रुग्णांना गहू सोडून बरे वाटते, ते खोटे का? नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अशा १६४७ रुग्णांना प्रश्न विचारले गेले. त्यांच्यापैकी सुमारे १९ टक्क्यांनी ग्लुटेनमुक्त आहार करून पाहिला होता आणि त्यांतील जवळजवळ दोन तृतीयांशांना पोटाच्या निदान एका लक्षणात फरक वाटला. परंतु ही रुग्णांनी सांगितलेली हकीकत आहे. तेथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि आतड्याची तपासणीही नव्हती.

तुलनेचा गट का हवा? ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली बृहदांत्रदाहावर कॉर्टिझोन या औषधाची चाचणी प्रसिद्ध केली. औषध मिळालेल्या गटात सहा आठवड्यांत सुमारे ४१ टक्के रुग्णांची लक्षणे शमली. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळालेल्या गटातही सुमारे १६ टक्क्यांची शमली. या आजारांचा स्वभावच चढउताराचा आहे. रुग्ण नवे पथ्य बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर सुरू करतो, आणि त्यानंतरचा उतार पथ्याच्या खात्यावर जमा होतो.

दुसरे कारण रासायनिक आहे. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची कर्बोदकेही असतात. ती आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातील जीवाणू ती आंबवतात, वायू होतो, पोट फुगते. सीलिअॅक नसूनही ग्लुटेन बाधते असे मानणाऱ्या ५९ जणांना नॉर्वेतील संशोधकांनी आळीपाळीने ग्लुटेन, फ्रुक्टान आणि यांतले काहीही नसलेला खाऊ दिला. कशात काय आहे हे खाणाऱ्याला माहीत नव्हते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्रास जास्त झाला तो फ्रुक्टानने, ग्लुटेनने नव्हे. कांदा आणि लसूण यांतही फ्रुक्टान भरपूर असतात. म्हणजे गहू सोडल्यावर पोट हलके वाटू शकते, पण पोट फुगणे थांबले याचा अर्थ आतड्यातील व्रण भरले असा नाही.

आहाराला काहीच महत्त्व नाही, असेही नाही. क्रोन्स झालेल्या मुलांना काही आठवडे केवळ तयार द्रव आहारावर ठेवले तर दाह शमतो, आणि हा मान्यताप्राप्त उपचार आहे. पण त्यात गव्हाबरोबर नेहमीचे सगळेच अन्न बंद असते. तेव्हा श्रेय एकट्या ग्लुटेनच्या अभावाला देणे म्हणजे केळ्याच्या आहाराचीच चूक उलट्या दिशेने करणे.

पथ्य घेण्यापूर्वी

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी तपासणी, मग पथ्य. गहू बंद केला की काही महिन्यांत रक्तातील प्रतिपिंडे घटतात, रसांकुर सुधारतात आणि खरोखरच सीलिअॅक असेल तरी तपासणीत सापडत नाही. दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून दाहाच्या रुग्णानेही डॉक्टरांना ही तपासणी करावी का हे विचारावे. दाहाचे औषध मात्र पथ्याच्या भरवशावर सोडू नये. लक्षणे नसतानाही दाह आत धुमसत राहू शकतो, आणि आतडे अरुंद झाले तर शस्त्रक्रियेची वेळ येते.

ज्यांना सीलिअॅक आहे, त्यांना मात्र पथ्य जन्मभर आणि काटेकोर पाळावे लागते. ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा असे पर्याय घरातच आहेत, ही मोठी सोय. पण गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेली ज्वारी चालत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. रवा, शेवया, कुरडया आणि खपली गहूही वर्ज्यच.

वर्गात एखादे मूल वयाच्या मानाने खुजे राहिले असेल, लोहाच्या गोळ्या देऊनही फिकट दिसत असेल, वारंवार पोट बिघडत असेल, तर पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे. पोळी बंद करण्याचा सल्ला मात्र आपण देऊ नये. निदान झालेल्या मुलाला शाळेच्या खाऊत वेगळे ताट लागले, तर तो हट्ट नाही, उपचार आहे, हे इतर मुलांना समजावणे शिक्षकांच्याच हातात आहे. त्यासाठी मैद्याच्या गोळ्याचा प्रयोग चांगला उपयोगी पडेल.