शनिवारचा पेपर, शुक्रवारची घाई
(अमेरिकेतील प्रवेशांवरील लेखमाला : भाग ७)

शनिवारी दुपारी एसएटीच्या केंद्राबाहेर मुलांचे चेहरे बहुधा उतरलेले असतात. गणिताचा शेवटचा भाग अंगावर आला, तीन प्रश्नांना तर हातच लागला नाही, असे कुणी सांगते. घरी पोचेपर्यंत विषय निघतो : हा स्कोअर रद्दच करून टाकावा का?

तशी मुभा आहे. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडे सहीनिशी लेखी विनंती करायची, तीही साधारणपणे परीक्षेनंतरच्या गुरुवारी रात्री ११.५९ च्या आत. ही वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची. तिथे उन्हाळी वेळ चालू असेल, तर तेव्हा पुण्यात शुक्रवारी सकाळचे ९.२९ झालेले असतात. निकाल लागतो त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, म्हणजे निर्णय गुण न पाहताच घ्यावा लागतो. एकदा रद्द केलेला स्कोअर पुन्हा मिळत नाही. तो किती होता हे विद्यार्थ्यालाही कधी कळत नाही, आणि फी गेली ती गेलीच.

आपल्याकडच्या पालकांना हे सगळे अनोळखी वाटते. जेईई मेन दोनदा दिली, तर दोन्हींतला चांगला स्कोअर गुणवत्ता यादीसाठी आपोआप धरला जातो; रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. त्यामुळे मुलाने शनिवारी रात्री विचारले, तर आईवडिलांपाशी अनुभवाचा आधार नसतो. मग परीक्षेहून परतलेल्या मुलाचा चेहरा हाच पुरावा धरला जातो.

हा पुरावा कच्चा आहे, आणि त्याचे कारण परीक्षेच्या रचनेतच सापडते. भारतासह अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून आणि अमेरिकेत मार्च २०२४ पासून एसएटी संगणकावर होते. वाचन-लेखन आणि गणित या दोन विभागांत प्रत्येकी दोन मॉड्यूल असतात. गणिताच्या एका मॉड्यूलला ३५ मिनिटे आणि २२ प्रश्न. पहिले मॉड्यूल चांगले गेले, की दुसरे अवघड येते. ज्याला सोपे दुसरे मॉड्यूल मिळाले, त्याला ८०० च्या जवळ पोचताच येत नाही. म्हणजे ‘शेवटी फारच अवघड होते’ असे सांगत बाहेर पडणारी मुलगी बहुधा वरच्या वाटेवर गेलेली असते! शिवाय प्रत्येक मॉड्यूलमधले दोन प्रश्न केवळ चाचणीपुरते असतात, त्यांचे गुण धरत नाहीत, आणि ते कोणते हे कुणालाच सांगितले जात नाही. रात्री जागवणारा तो एक प्रश्न कदाचित त्यांतलाच असेल. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापण्याची जुनी पद्धतही २०१६ पासून गेली, त्यामुळे अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांची धास्ती घेण्याचे कारण नाही.

मग ही रद्द करण्याची भीती आली कुठून? एके काळी ती रास्त होती. पूर्वी कॉलेजला स्कोअर पाठवला, की आधीच्या सगळ्या परीक्षांचे आकडेही सोबत जात. २००९ मध्ये ‘स्कोअर चॉइस’ आले आणि कोणत्या तारखेची परीक्षा दाखवायची हे विद्यार्थी ठरवू लागला. नियम बदलला, पण थोरल्या भावंडांचा सल्ला मात्र जुनाच फिरत राहिला.

रद्द करण्यातला खरा तोटा आकड्यांत दिसतो. समजा, मार्चमध्ये वाचन-लेखनात ६५० आणि गणितात ७६० मिळाले. ऑगस्टमध्ये ७२० आणि ७००. एकेकट्या बेरजा १४१० आणि १४२०. एमआयटीसह अनेक संस्था प्रत्येक विभागातला सर्वोत्तम गुण उचलतात, तेव्हा तोच विद्यार्थी १४८० चा ठरतो. मार्चचा वाचन-लेखनाचा पेपर फसला म्हणून त्याने स्कोअर रद्द केला असता, तर गणिताचे ७६० ही गेले असते, कारण एकच विभाग वगळून दुसरा ठेवता येत नाही.

स्वतःच्या गुणांविषयी मुले किती चुकीचा अंदाज बांधतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण डार्टमथ कॉलेजचे आहे. कोविडकाळात तिथे स्कोअर देणे ऐच्छिक झाले होते. कॉलेजच्याच प्राध्यापकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा बिकट परिस्थितीतून आलेल्या अनेक मुलांनी आपले स्कोअर लपवल्याचे आढळले. ते पाठवले असते, तर त्यांना फायदाच झाला असता. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने परीक्षा पुन्हा सक्तीची केली. या मुलांच्या हाती तर निकाल होता, तरी त्यांना तो कमी वाटला. न पाहिलेल्या निकालावर कुणाचा अंदाज किती भरवशाचा असणार?

एमबीएसाठीच्या जीमॅटनेही २०१४ मध्ये यातला अन्याय ओळखला. तेव्हापासून उमेदवाराला आधी गुण दिसू लागले आणि ठेवायचे की रद्द करायचे, हे त्यानंतर ठरवण्याची सोय झाली. एसएटीत ती अजून नाही, आणि ती यायला हवी.

रद्द करणे शहाणपणाचे ठरते असे प्रसंगही आहेत, पण ते थोडे. अंगात ताप असताना पेपर दिला, मध्येच उठून यावे लागले, अख्खे मॉड्यूल कोरे राहिले, आणि अर्जही जॉर्जटाउनसारख्या, वर्षानुवर्षे सगळे स्कोअर मागत आलेल्या विद्यापीठाला करायचा आहे, असे जुळून आले तर विनंती जरूर करावी. कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी एसएटीचे गुण पाहतच नाही, तेव्हा फक्त तिथेच अर्ज करणाऱ्याने यात डोके शिणवू नये.

बहुतेक घरांत खरी धास्ती वेगळीच असते. चार कॉलेजांना स्कोअर मोफत पाठवण्याची सवलत असते, म्हणून नोंदणी करतानाच चार नावे भरलेली असतात, आणि आता वाईट आकडा थेट तिकडे जाणार असे वाटते. त्यासाठी परीक्षा रद्द करायची गरज नाही. ती यादी परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंत बदलता येते. नावे काढून टाकली, तर नंतर स्कोअर पाठवताना शुल्क भरावे लागते, पण तोवर निकाल हातात आलेला असतो.