जड वॉर्टचे कोडे : हायड्रोमीटरपासून जवाच्या दाण्यापर्यंत

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यातील थॉर्नब्रिज या बिअर उत्पादकाने २००५ मध्ये एक बिअर तयार केली आणि तिला ‘जयपूर’ हे नाव दिले. तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण ५.९ टक्के आहे. इंग्लंडमध्ये स्वतःच्या वापरासाठी घरी बिअर बनविण्यास १९६३ पासून परवाना लागत नाही. त्यामुळे अशा नामांकित बिअरच्या धर्तीवर घरी प्रयोग करणारे हौशी लोक तेथे पुष्कळ आहेत. या प्रयोगांत कधी कधी एक कोडे उभे राहते. सर्व घटक ठरल्या मापाने घेऊनही आंबवण्यापूर्वीच्या गोड रसाचे, म्हणजे वॉर्टचे, विशिष्ट गुरुत्व अपेक्षेपेक्षा बरेच जास्त भरते. हा लाभ समजावा की मापनातील चूक?

या कोड्याचा एक धागा खऱ्या जयपूरपर्यंत येतो. शहराच्या दुर्गापुरा भागात राजस्थान कृषी संशोधन संस्था असून ती जोबनेर येथील श्री कर्ण नरेंद्र कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. जवाचे, म्हणजे सातूचे, ‘आरडी’ मालिकेतील वाण याच संस्थेची देणगी आहेत. त्यांपैकी आरडी २०३५ हा सूत्रकृमीमुळे होणाऱ्या ‘मोल्या’ रोगास प्रतिकारक आहे, तर आरडी २६६८ आणि आरडी २८४९ हे माल्टसाठी विकसित केलेले दोन ओळींचे वाण आहेत. वॉर्टमध्ये उतरणारी साखर मुळात अशा दाण्यातील स्टार्चच असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. राजस्थान अबकारी अधिनियम, १९५० आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ यांनुसार परवान्याविना मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. पुढील आकडेमोड दाण्याची प्रत आणि मापनाचे शास्त्र समजावे यासाठी दिली आहे.

आकड्याचा अर्थ

शुद्ध पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.००० धरले जाते. पाण्यात साखर विरघळली की द्रव जड होतो व हायड्रोमीटर त्यात अधिक वर तरंगतो. किण्वनापूर्वीच्या या वाचनास मूळ विशिष्ट गुरुत्व म्हणतात. सोयीसाठी दशांशानंतरचे तीन अंक ‘गुरुत्वांक’ म्हणून घेता येतात, १.०५५ म्हणजे ५५ गुरुत्वांक. द्राक्ष व ऊस बागायतदारांच्या परिचयाच्या ब्रिक्सशी तुलना केल्यास एक ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने चार गुरुत्वांक होतात.

किण्वनात यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क व कार्बन डायऑक्साइडमध्ये करते आणि गुरुत्व घटते. सुरुवातीचे व शेवटचे वाचन यांतील फरकास १३१ ने गुणले की मद्यार्काचे आकारमानी प्रमाण मिळते. १.०५५ पासून १.०१० पर्यंत उतरलेल्या बिअरमध्ये सुमारे ५.९ टक्के मद्यार्क असतो. मात्र सुरुवात १.०६५ पासून होऊन शेवट १.०११ वर झाला, तर तेच प्रमाण ७.१ टक्क्यांवर जाते.

गुणाकाराची कसोटी

समजा, ८० टक्के अर्क देणारे ४.८ किलो माल्ट घेतले. एक किलो साखर एक लिटर द्रावणात सुमारे ३८४ गुरुत्वांक देते. या हिशेबाने ४.८ किलो माल्टमधून जास्तीत जास्त १,४७५ गुरुत्वांक-लिटर मिळू शकतात. त्यातील ७५ टक्के हाती लागतील असे धरले, तर सुमारे १,१०० मिळतात. म्हणजे २० लिटर वॉर्टचे गुरुत्व १.०५५ असावयास हवे. प्रत्यक्षात वाचन १.०६५ आले.

अशा वेळी गुरुत्वांकास लिटरने गुणावे. भांड्यात १७ लिटरच रस उरला असेल, तर ६५ गुणिले १७ म्हणजे १,१०५. याचा अर्थ साखर मुळीच वाढलेली नाही. उकळताना तीन लिटर पाणी जास्त उडाले इतकेच. उलट रस पूर्ण २० लिटर असेल, तर गुणाकार १,३०० होतो. येथे मात्र माल्टमधून खरोखरच अधिक अर्क उतरला आहे. उतारा ७५ वरून ८८ टक्क्यांवर गेला आहे. दाणा अधिक बारीक भरडणे, ६२ ते ६८ अंश सेल्सिअस तापमान नीट राखणे आणि चोथा सावकाश धुणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

उपायही त्यानुसार बदलतो. पहिल्या प्रसंगी उकळून थंड केलेले तीन लिटर पाणी मिसळले की मूळ हिशेब जुळतो. दुसऱ्या प्रसंगी १.०५५ पर्यंत यावयाचे तर एकूण आकारमान सुमारे २३.६ लिटर होते आणि हॉप्सचा कडूपणा तेवढा पातळ होतो. मोठे कारखाने अनेकदा वॉर्ट मुद्दाम जड ठेवून आंबवतात व शेवटी पाणी मिसळतात. तेथे कडूपणाचा हिशेब आधीच केलेला असतो.

मापनातील चुकाही तपासाव्यात. वरून पाणी घालून ढवळले नाही, तर तळाचा नमुना फसवे जड वाचन देतो. उष्णतेचा परिणाम मात्र उलट असतो. २० अंशांना प्रमाणित केलेला हायड्रोमीटर ४० अंशांच्या द्रवात सुमारे ६ गुरुत्वांक कमी दाखवतो. म्हणून जास्त आलेल्या आकड्याचा दोष जयपूरच्या उन्हाळ्यास देता येत नाही. तेथे नमुना थंड न करता वाचन घेतल्यास खरा रस दिसतो त्याहून जडच असतो.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांनुसार ५ टक्क्यांहून अधिक व ८ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेली बिअर ‘स्ट्राँग’ गटात येते. १.०७५ वरून १.०१२ पर्यंत उतरलेली बिअर ८.३ टक्के भरते, म्हणजे ही मर्यादा ओलांडते. शिवाय जड रसात यीस्टवर परासरणाचा ताण येतो. यीस्टची मात्रा व सुरुवातीचा प्राणवायू अपुरा असल्यास किण्वन अर्ध्यावर थांबते. अशी अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत बंद केल्यास ती पुढे पुन्हा आंबून बाटली फुटण्याचा धोका असतो.

दाण्याचा वाटा

माल्ट करताना जव भिजवून त्यातील ओलावा ४२ ते ४५ टक्क्यांपर्यंत नेतात, चार ते पाच दिवस अंकुरू देतात आणि नंतर वाळवतात. चांगल्या माल्टकडून ८० टक्क्यांच्या आसपास अर्काची अपेक्षा असते. त्यासाठी दाणा टपोरा, ९५ टक्क्यांहून अधिक उगवणीचा आणि ९ ते ११ टक्के प्रथिनांचा असावा लागतो.

प्रथिने वाढली की स्टार्चचा वाटा घटतो. उशिरा व अवाजवी दिलेले नत्र हे याचे एक कारण. दुसरे कारण वॉर्टच्या कोड्यासारखेच आहे. मार्चमध्ये उष्णता अकाली वाढली किंवा पाणी तुटले, तर दाण्यात स्टार्च कमी भरतो. प्रथिनांचे वजन फारसे वाढत नाही, तरी टक्केवारी चढते. द्राक्षातही मणी सुकू लागले की ब्रिक्स वाढतो, परंतु रसातील एकूण साखर वाढलेली नसते. टक्केवारी वाचताना एकूण वजन पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

वर घेतलेल्या उदाहरणात माल्टचा अर्क ७६ वरून ८२ टक्के झाला, तर गुरुत्व सुमारे १.०५३ वरून १.०५७ होईल. घरगुती भांड्यात हा फरक किरकोळ वाटतो. कारखान्याच्या प्रमाणावर मात्र एक टक्का अर्क म्हणजे हजार टन माल्टमागे दहा टन विद्राव्य पदार्थ. माल्ट कारखाने प्रथिने, दाण्याचा आकार व उगवण यांबाबत काटेकोर असतात ते यामुळेच.

अंकुर खाणारी कीड

शेतात मका पानांवरील मावा जवाचा रस शोषतो. प्रादुर्भाव वाढल्यास दाणे बारीक व सुरकुतलेले राहतात. साठवणुकीतील नुकसान याहून फसवे असते. उष्ण व कोरड्या हवेत खापरा भुंगेरा झपाट्याने वाढतो. त्याची केसाळ अळी प्रथम दाण्याचा अंकुर खाते. पोत्याच्या शिवणीत व भिंतींच्या भेगांत ती अन्नाशिवायही दीर्घकाळ तग धरते.

अंकुर गेल्याने वजनात फारशी घट दिसत नाही, पण माल्टच्या दृष्टीने तो दाणा मृत असतो. भिजल्यावर अंकुरातून जिबरेलिन हे संप्रेरक बाहेर पडते. त्याच्या संदेशाने दाण्याच्या ॲल्युरोन थरात अमायलेज विकर तयार होते व स्टार्चची साखर होण्याची तयारी पूर्ण होते. अंकुरच नसेल, तर हा संदेश जात नाही. कीडग्रस्त मालाचा वॉर्ट हलका निघतो तो या कारणाने. अशा मालावर अंदाज बेतलेल्या कारागिरास पुढे निरोगी माल मिळाला, तर त्याचे गुरुत्व अपेक्षेपेक्षा जड निघणारच.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने आहेत. जव मात्र मुख्यतः उत्तर भारतात पिकतो. तरीही या विषयातील शिस्त महाराष्ट्रातील ज्वारी, गहू आणि द्राक्षासही लागू पडते.

• ब्रिक्स किंवा टक्केवारीची नोंद घेताना वजन किंवा आकारमानाचीही नोंद घ्यावी.

• साठवणुकीपूर्वी दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणावा. जुनी पोती उन्हात तापवून झटकावीत व भिंतींच्या भेगा बुजवाव्यात.

• दर महिन्यास १०० दाणे ओल्या कापडात ठेवून किती उगवतात ते मोजावे. उगवण घटल्याचे वजनकाटा सांगत नाही.

• ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी केवळ प्रशिक्षित व परवानाधारक यंत्रणेकडूनच द्यावी.

अनपेक्षित आकडा मिळाल्यास प्रथम नमुना ढवळून व थंड करून वाचन पुन्हा घ्यावे, नंतर आकारमानाने गुणावे आणि मगच दाण्याकडे वळावे. हा क्रम पाळल्यास उडालेले पाणी कोणते व खरोखर वाढलेला उतारा कोणता, हे निश्चित सांगता येते.