जुन्या संगणकाचा वीजपुरवठा

मामांनी अमेरिकेहून आणलेला मॅकिंटॉश एसई, १९८७ च्या बनावटीचा, गेल्या दिवाळीत बंद पडला. मामा आता नाहीत. त्यांची पत्रे, हिशेब सारे त्यातच, म्हणून टाकवेना. आतला वीजपुरवठ्याचा डबा गेला होता. कोणताही डबा चालेल, ही माझी वाणिज्य-विद्यार्थ्याची समजूत! पण याला +५, -१२ आणि वेगवेगळे दोन +१२ व्होल्ट लागतात: एक डिस्कला, एक पडद्याला. दोन्ही एकत्र केले तर डिस्क फिरताना चित्र थरथरू शकते. अखेर १९८९ च्या एसई/३० चा डबा मिळाला. तो यात तंतोतंत बसतो. चित्रनळीत मात्र यंत्र बंद केल्यावरही जबर विद्युतभार उरतो, म्हणून जोडणी रेडिओवाल्या काकांनी केली. डिस्क फिरली. उधारीच्या यादीत पहिलेच नाव आमच्या बाबांचे निघाले.