तंबोऱ्यावरील उजवा हात

एकत्र कुटुंबांत गाणारें माणूस एक असलें तरी तंबोरा धरणारें दुसरें लागतेंच, आणि हें काम बहुधा त्या वेळीं ज्याचे हात रिकामे असतील त्याच्याकडे येतें. गळ्याची तालीम लावावयाची झाली म्हणजे आपण चार ठिकाणीं चौकशी करतों, गुरूचें घराणें विचारतों, महिन्याची फी ठरवितों. तारा छेडणाऱ्या हातालाहि कांहीं शिकावें लागतें ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुलगी गावयास बसली, धाकट्या भावाला मागें बसविलें, ‘नुसत्या तारा वाजव, बाळ’ एवढें सांगितलें, कीं झालें. थोड्या वेळानें आई म्हणते, सूर हलला. आणि बोलणीं बसतात तीं मुलीला. खुंटी फिरलेली नसते, मणीहि सरकलेला नसतो. सरकलेला असतो तो मागें बसलेल्या मुलाचा उजवा हात.

बुलढाणा जिल्ह्यांतील वाचकांस हा अनुभव घेण्यासाठीं गवयाच्या बैठकीपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगांव राजा, आणि घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव अशा सर्व बाजूंस गांवोगांव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहांटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचें पारायण, सायंकाळीं हरिपाठ, रात्रीं कीर्तन आणि शेवटच्या दिवशीं काला, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. या साऱ्या काळांत एक वीणा अखंड चालू राहते. ती जमिनीला टेकवीत नाहींत. एकाचा पहारा संपला कीं तो दुसऱ्यास नमस्कार करून ती त्याच्या गळ्यांत घालतो. तिचें नांव वीणा असलें तरी चित्रांत सरस्वतीच्या हातीं दिसते ती पडद्यांची वीणा ही नव्हे. भोपळा, दांडी आणि चार मोकळ्या तारा, असा हा एक लहानसा तंबोराच होय. डाव्या हातानें तिच्यावर स्वर काढावयाचे नसतात. म्हणजे एकदां तारा लागल्या कीं तिचें सारें बरेंवाईट उजव्या हाताच्या एका बोटावर येऊन राहतें.

रात्रीं दोन-तीनच्या सुमारास, मंडपांत चार-पांचच माणसें उरलीं असतां, पहारा बदलतो त्या क्षणीं कान देऊन ऐकावें. वीणा तीच, तारा त्याच, लावलेला स्वर तोच. परंतु गळा बदलला कीं नाद बदलतो. एका गृहस्थाच्या हातीं ती गोल व भरीव वाजत असते. दुसरा घेतो तेव्हां ती किरटी होते. तिसऱ्याच्या हातीं एक तार ठणकते आणि बाकीच्या मुक्या राहतात. कोणाचें बोट नांगर धरून राठ झालेलें, कोणाचें दुकानांत बसून मऊ राहिलेलें, हा फरक आहेच. पण आमच्या मतें त्याहून मोठा फरक बोट तारेला कोठें लागतें याचा आहे.

हें असें कां व्हावें तें थोडक्यांत पाहूं. ताणलेली तार छेडली म्हणजे ती सबंध तर हालतेच, शिवाय दोन, तीन, चार, पांच अशा सारख्या भागांतहि त्याच वेळीं हालत असते. सबंध तारेचा तो मूळ स्वर. अर्ध्या भागांचा वरच्या सप्तकांतील षड्ज, तिसऱ्या भागांचा त्यावरचा पंचम, चौथ्यांचा आणखी वरचा षड्ज आणि पांचव्यांचा गंधार. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जांतून कोणी न लावलेला गंधार ऐकूं येतो, त्याचें मूळ हेंच. आतां या भागांच्या सांध्यावर तार निश्चल असावयाची. जेथें ती निश्चल असावयाची तेथेंच तिला बोटानें उचललें तर तसे भाग उठणार कसे? हा नियम थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञानें १८०० सालीं मांडला. त्याप्रमाणें तार बरोबर मध्यावर छेडली तर दोन, चार, सहा हे भाग उठूं नयेत. एकतृतीयांशावर छेडली तर तीन, सहा, नऊ उठूं नयेत. घोडीजवळ छेडली तर वरचे बहुतेक सर्व उठतात, परंतु मूळ स्वर त्या मानानें दुबळा होऊन नाद तीक्ष्ण लागतो.

गंमत अशी कीं आपला तंबोरा हा नियम पुरतेपणीं पाळीत नाहीं. कलकत्त्यास प्राध्यापक असतांना चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. (त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें पुढें १९३० सालीं, आणि तेंहि प्रकाशावरील कामासाठीं.) तंबोऱ्याची तार ज्या बिंदूवर छेडावी त्याच बिंदूवर ज्यांचा सांधा पडतो ते स्वरहि तींतून स्पष्ट निघतात, असें त्यांनीं दाखविलें. याचें कारण घोडी. व्हायोलिनच्या घोडीची कड अरुंद असते. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित् उतरती आणि घासून गुळगुळीत केलेली असते, आणि तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकविलेला असतो. आपल्या लोकांनीं त्या धाग्याला ‘जीव’ असें नांव दिलें आहे तें अगदीं यथार्थ होय. हालणारी तार त्या उतरत्या पृष्ठाला पुन्हां पुन्हां टेकते आणि सुटते, व या टेकण्यासुटण्यांत बोटानें न उठविलेले भागहि जागे होतात. हीच जवारी.

ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांनीं याचा पडताळा अवश्य पाहावा. घोडीपासून दांडीच्या वरच्या पट्टीपर्यंत सूत धरून त्याची घडी घालावी, म्हणजे तारेचा मध्य सांपडतो. जोडाची एक तार त्या बिंदूवर हलकेंच छेडून लगेच तेथेंच बोटाचें टोंक अलगद टेकवावें. मूळ स्वर बंद होतो, पण वरचा षड्ज स्वच्छ वाजत राहतो. धारदार घोडीवरच्या साध्या तारेशीं हा प्रयोग केला तर हातीं बहुतेक कांहींच लागत नाहीं.

यावर एखादा चिकित्सक वाचक विचारील, घोडीच जर सर्व उणें भरून काढते तर हात कोठेंहि ठेविला म्हणून काय बिघडलें? प्रश्न रास्त आहे. परंतु जवारी बोलते ती तार किती उचलली गेली त्या मानानें. मध्याशीं तार सैल लागते, थोड्या स्पर्शानें रुंद झोका घेते. तेथून घोडीकडे जावें तसतशी ती ताठ होते, आणि तितकाच झोका मिळविण्यासाठीं बोट जोर करूं लागतें. जोरानें ओढलेली तार पहिल्या क्षणीं किंचित् चढी बोलते व मग आपल्या जागीं उतरते. गाणारा नेमका त्या पहिल्या क्षणाला कान लावून असतो. हात चार बोटें खालीं सरकला, कीं त्याला मिळणारा आधार प्रत्येक आवर्तनाला थोडा निराळा येऊं लागतो, आणि त्याचें कारण त्यालाहि सांगतां येत नाहीं. म्हणून तारेवरचा अमुकच बिंदू पवित्र आहे असें आमचें म्हणणें नाहीं. कोणी मध्यावर छेडतात, कोणी किंचित् वर. एकदां जागा धरली कीं ती बैठक संपेपर्यंत सोडूं नये, एवढेंच महत्त्वाचें.

ती जागा राहते कशानें? अंगठ्यानें. तंबोरा उभा धरून बसलें असतां अंगठा दांडीच्या कडेला टेकलेला असावा, आणि बोटें तारांशीं जवळजवळ समांतर, खालीं सोडल्यासारखीं असावींत. पहिल्या तारेला मधलें बोट, पुढच्या तिन्ही तारांना तर्जनी. नखाचा स्पर्श होऊं नये; बोटाच्या पेराचा मांसल भाग तारेवरून निसटावा. आंकड्यानें विहिरींतली घागर ओढावी तशी तार ओढणारे पुष्कळ पाहावयास मिळतात. त्यांचा अंगठा हवेंत असतो, आणि मग प्रत्येक छेडीबरोबर सबंध मनगट थोडें थोडें खालीं उतरत जातें. अंगठा टेकलेला असला तर मनगटाला जावयास वाटच नाहीं. चारी तारा समान अंतरानें वाजवाव्या, खर्जानंतर त्याचा नाद पसरण्यापुरता किंचित् अवकाश द्यावा, व तबला सुरू झाला म्हणून त्याच्या लयीमागें धांवूं नये.

सातांसमुद्रांपलीकडील वादकांनींहि हीच युक्ति काढलेली पाहून आम्हांस कौतुक वाटतें. डबल बास म्हणून माणसाहूनहि उंच असें एक चार तारांचें वाद्य आहे. मुंबईच्या सिनेसंगीतांत तें गोमंतकीय वादकांनीं पुष्कळ वाजविलें. जाझ नांवाच्या संगीतांत तें गजानें न वाजवितां बहुधा बोटांनीं छेडतात. तेथेंहि नवशिक्याला अंगठा काळ्या पट्टीच्या कडेला टेकवून त्या आधारानें बोट चालविण्यास सांगतात, कारण हात घोडीकडे घसरला कीं नाद कडक होतो आणि वर गेला कीं मऊ व पसरट होतो. त्यांच्या घोडीला आपल्यासारखी जवारी नाहीं. तेव्हां त्यांस जागेची काळजी आपल्याहूनहि अधिक घ्यावी लागत असली पाहिजे.

बैठकींत अंगठ्याला दांडी स्थिर तरी मिळते. वारकऱ्याच्या वीणेची गोष्ट याहून अवघड. ती पट्ट्यानें गळ्यांत अडकविलेली, दांडी खांद्याकडे तिरपी, आणि ज्या हातानें ती सांवरावयाची त्याच हाताच्या तर्जनीनें वाजवावयाची. शेगांवाहून श्रीगजाननमहाराजांची पालखी पंढरपुरास पायीं जाते तेव्हां विणेकऱ्याला हें सर्व चालतां चालतां साधावें लागतें. दुपार चढली, खांदा भरून आला, कीं मूठ नकळत भोपळ्याकडे घसरते. अनुभवी विणेकरी मूठ सैल न करतां पट्टा आंखूड करून घेतात. पट्टा आंखूड झाला कीं भार गळ्यावर जातो, आणि मुठीला वजन पेलण्याचें काम न उरतां तिची जागा टिकते. एवढी साधी गोष्ट, पण सप्ताहांत नवा पहारेकरी उभा राहतो तेव्हां ती त्याला क्वचितच कोणी सांगतो. उंच माणसाचा पट्टा ठेंगण्याच्या गळ्यांत तसाच जातो.

मिरजेच्या कारागिरांविषयीं दोन शब्द येथें अवश्य आहेत. शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें तंतुवाद्यें करण्यास आरंभ केला. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेथील कारागीर घोडी कानसेनें घांशीत घांशीत, मधून मधून तार छेडून, केवळ कानानें जवारी काढतात. तंबोरा आणावयास जाणाऱ्यानें, जो हात घरीं तो वाजविणार आहे तोच बरोबर न्यावा, आणि त्याच हातानें त्याच्या नेहमींच्या जागीं छेडून दाखवावें. केवळ गाणारा गेला तर काम अर्धेंच होतें.

हल्लीं विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी घरोघर आहे, आणि भ्रमणध्वनींतहि तंबोरा वाजतो. त्यांचा हात कधीं घसरत नाहीं हें खरें. रियाजाला एकटें बसणाऱ्यास त्यांचा उपयोग आहे, व आम्ही त्यांस नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. परंतु मागें बसून दोन-दोन तास तंबोरा धरतां धरतां शिष्याचा कान तयार होत असे, तें काम पेटी कोणासाठीं करणार? म्हणून आमची सूचना अशी कीं घरांतील एका मुलास किंवा मुलीस हें काम नेमून द्यावें, रोज माणूस बदलूं नये. पहिले पंधरा दिवस दांडीच्या कडेला, जेथें अंगठा टेकावयाचा तेथें, कुंकवाचा एक ठिपका लावावा. गाणें संपल्यावर अंगठा उचलून पाहावें. ठिपका अंगठ्याखालींच पुसलेला असला तर हात बसला म्हणावें. खालच्या बाजूस लाल ओघळ ओढला गेलेला असला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां ठिपका लावावा. डोळे मिटून हात तेथेंच जाऊं लागला कीं ठिपक्याची गरज उरत नाहीं.

सप्ताहांतील वीणेला ठिपका लावतां येईलच असें नाहीं, कारण पंधरा माणसांचे पंधरा हात लहानमोठे. तेथें पहारा घेणाऱ्यानें पट्टा गळ्यांत आल्यावर तो आधीं आपल्या उंचीचा करून घ्यावा, देणाऱ्याचें बोट तारेवर कोठें चालत आहे तें पाहावें, आणि त्याच्याच बोटालगत आपलें बोट ठेवून दोन-चार आवर्तनें दोघांनीं मिळून वाजवावींत. मग पहिल्यानें हात काढावा.