सापाचे हरवलेले पाय

पोटावर सरपटणारा साप हा सरड्या-घोरपडींच्या कुळातील सपाद पूर्वजांचा वंशज आहे, हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु ज्यास त्याची खातरजमा करून घ्यावयाची असेल त्याने अजगराच्या गुदद्वाराच्या दोन्ही अंगांस असणारे नखासारखे काटे पाहावेत, कारण ते मागील पायांचेच अवशेष होत.

भूस्तरांच्या दप्तरात याहून बोलका दाखला आहे. अर्जेंटिनातील रिओ नेग्रो प्रांतात सापडलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नजाश’ या सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीच्या सापास मागचे पाय तर होतेच, शिवाय त्यांना कण्याशी जोडणारे त्रिकास्थीही शाबूत होते. आणि तो भूचर असल्यामुळे, सापांचा उगम समुद्रात झाला या मतास पश्चिम आशियातील सपाद सागरी सापांच्या जीवाश्मांनी जे बळ दिले होते, ते बरेच ओसरले. माझ्या मते हा पुरावा निर्णायकाच्या अगदी निकट जातो.

आपल्या शेजारच्या गुजरातेतही, ढोली डुंगरी येथे, धनंजय मोहबे यांना डायनोसॉरच्या घरट्याचा जो जीवाश्म मिळाला, त्यात फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला साडेतीन मीटरांचा साप होता, हे पुढे उमगले आणि २०१० साली त्यास ‘सानाजेह इंडिकस’ हे नाव मिळाले. त्याचा जबडा आजच्या अजगराइतका रुंद उघडत नसे. म्हणून अखंड अंडे नव्हे, तर नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू हेच त्याचे भक्ष्य असावे.