घाम, थर्मास आणि मी

सकाळी सव्वासहाची कंपनी बस. पिंपळे सौदागरहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत थेट चाकण. बसमध्ये अर्धे झोपलेले, अर्धे मोबाइलमध्ये बुडालेले आणि खिडकीत मी, मांडीवर नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' घेऊन. १९४९ सालचं पुस्तक, पण अप्पा बळवंत चौकात अजून मिळतं.

आता कबूलच करतो. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा, मग डिग्री. मशीनची नस न् नस माहीत, पण परदेशी क्लायंटचा मेल आला की पोटात गोळा! आधी रोज १० शब्द पाठ करायचो. रविवारपर्यंत त्यातले ८ गायब.

लुईसचा फंडा वेगळा. शब्द घोकू नका, फोडा. शाळेत आपण संधी सोडवायचो ना, तसंच. 'टेली' म्हणजे ग्रीकमध्ये लांब, 'फोन' म्हणजे आवाज. म्हणजे आपला दूरध्वनी! एक मूळ सापडलं की टेलिस्कोप, मायक्रोफोन, सिम्फनी असे नातेवाईक आपोआप दारात उभे.

पण खरी मजा पुढे आहे, आणि ती मराठी माणसाला जरा जास्तच येते. रोज बाइकला किल्ली लावताना आपण 'इग्निशन' म्हणतो. लॅटिनमध्ये 'इग्निस' म्हणजे आग. अहो, हा तर आपला अग्नी! 'डेंटिस्ट'मध्ये दंत बसलाय. 'व्हेइकल' आणि वाहन एकाच घरातले. 'हायड्रॉलिक'मधलं 'हायडोर' म्हणजे पाणी, उदकाचा चुलतभाऊ. आणि सगळ्यात सही म्हणजे 'थर्मास'. ग्रीक 'थर्मोस' म्हणजे उष्ण, संस्कृतात तोच 'घर्म', आणि घर्माचा मराठीत झाला घाम! मे महिन्यात शॉपफ्लोअरवर कपाळ पुसताना मी ग्रीकच पुसत असतो म्हणायचं.

हे नातं ज्यांच्या लवकर लक्षात आलं, त्यांतला एक माणूस आपल्या शेजारचाच. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि १६१६ साली त्याचं मराठी ओव्यांमधलं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं कळवलं होतं, की इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी आहे. कलकत्त्यात विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनच्या समान उगमाबद्दलचं ते गाजलेलं भाषण केलं १७८६ साली. म्हणजे आपला स्टीफन्स २०० वर्षं पुढे! (ओव्या लिहिणारा इंग्रज. मला मेल लिहिताना घाम फुटतो.)

तर अशी डोक्यात हवा गेली होती. ऑफिसात कुणी शब्द उच्चारला की मी त्याची फोड करून दाखवायचो. एके दिवशी नव्या ट्रेनी पोरानं विचारलं, "सर, इनफ्लेमेबल म्हणजे?" मी लगेच, "इन म्हणजे नाही. इनकम्प्लीट, इनकरेक्ट. फ्लेम म्हणजे ज्वाला. म्हणजे न पेटणारं." पोरगं निवांत गेलं आणि त्या थिनरच्या ड्रमपासून चार हातांवर ग्राइंडर सुरू करायला लागलं.

वेल्डिंग शॉपच्या मामांनी धावत येऊन प्लग ओढला. मामांचं शिक्षण सातवी. "अरे, लेबलवर जाळाचं चित्र दिसत नाय का तुम्हाला?" मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. लॅटिनमध्ये दोन 'इन' आहेत, एक नकाराचा आणि एक 'आत'चा. 'इनफ्लेमेबल' दुसऱ्यातून आला, 'इनफ्लेमारे' म्हणजे पेटवणे. माझ्यासारख्या शहाण्यांमुळेच अमेरिकेत सुरक्षेची कामं करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' हा सुटसुटीत शब्द रुळवला. 'पेड'चाही असाच घोळ. 'पेडेस्ट्रियन'मधला लॅटिन, म्हणजे आपला पाद. 'पेडियाट्रिशियन'मधला ग्रीक, म्हणजे मूल. पायाच्या दुखण्यासाठी तिकडे जाऊ नका!

दुसऱ्या दिवशी ट्रेनीला सगळं नीट समजावलं, सॉरीसुद्धा म्हटलं. मामांना चहा पाजला. पुस्तक अजून बसमध्ये असतं, फक्त सोबत डिक्शनरीचं अ‍ॅप आलंय. आणि ते पोरगं आता कुठलाही नवा शब्द दिसला की सगळ्यांसमोर विचारतं, "सर, हा 'इन' कुठला?"