सीडी आणली जी

अँजिओग्राफीची सीडी देणं यंदा आणखी एका रुग्णालयाने बंद केलं. आता रुग्णाच्या हातात एक छापील कागद पडतो. त्यावर चार धूसर चित्रं आणि खाली एक ओळ, अमुक धमनीत ८० टक्के अडथळा. फारच आग्रह धरला तर तंत्रज्ञ मॉनिटरसमोर मोबाइल धरतो आणि तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. वर्ध्यात बसून दुसरं मत देणाऱ्या माझ्यासारख्या फिजिशियनला हे फार लागलं.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून उजव्या कोरोनरी धमनीत चुकून डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारा द्रव, गेला, रुग्ण वाचला आणि ही तपासणी सुरू झाली. पुढची काही दशकं ३५ मिलिमीटरच्या सिने फिल्मची. फिल्म धुवा, वाळवा, मग प्रोजेक्टरवर लावा. सेवाग्रामला १९६९ मध्ये आणि सावंगीला १९९० मध्ये वैद्यकीय महाविद्यालय आलं, तरी आर्वी-आष्टीच्या माणसासाठी हृदयाची तपासणी म्हणजे बराच काळ नागपूरची वारीच होती. फिल्म तिकडेच राहायची, इकडे यायचा तो रिपोर्ट.

मला लिहायचंय ते २००८ ते २०१८ या दशकाबद्दल. या दहा वर्षांत चित्रं आमच्या टेबलापर्यंत आली. हिंगणघाट, समुद्रपूर, कारंजा, देवळी, कुठकुठून माणसं यायची. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं कागदी पाकीट पुढे करत म्हणायची, "डॉक्टरसाहेब, सीडी आणली जी. पाहून द्या ना." सीडीवर मार्करने नाव आणि तारीख. ड्राइव्ह घरघरायचा, पडद्यावर एकेक रन, म्हणजे एकेक सलग चित्रण, उघडायचा. मुलगा मागे उभा राहून बापाचं हृदय हलताना पाहायचा.

अडथळा शोधायच्या आधी मी रेकॉर्डिंगच तपासायचो. डाय सोडायच्या क्षणभर आधी चित्रण सुरू झालंय का? शिरा भरेपर्यंत चाललंय का? मध्येच थांबवलं, तर रक्त किती वेगाने गेलं आणि बंद धमनीला दुसऱ्या बाजूने कुठून रसद मिळते, हे कळत नाही. डाय जोर लावून नीट भरलाय का? अर्धवट भरला तर पातळ धारा दिसतात आणि धडधाकट धमनी अरुंद भासते. रुग्णाने श्वास धरलाय का? धरला नसेल तर श्वासपटल मध्ये येतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, एकच जागा दोन वेगळ्या कोनांतून घेतली आहे का? चरबीचा थर एका बाजूला साचला असेल, तर एका कोनातून धमनी जवळजवळ बंद आणि दुसऱ्यातून मोकळी दिसू शकते. डाव्या मुख्य धमनीचा फाटा पाहायला स्पायडर व्ह्यू हा खास कोन लागतोच. तो न घेता तिथे "७० टक्के" लिहिणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

त्या दशकातली साधी ५१२ बाय ५१२ बिंदूंची चित्रंही वाचता यायची, कारण कॅथलॅबमधला माणूस ती मन लावून घ्यायचा. एक तंत्रज्ञ मला नुसत्या कामावरून ओळखू यायचा. त्याच्या प्रत्येक रनमध्ये फुप्फुसाचा पांढरा झगमगाट झाकलेला असायचा, कॅथेटरचं टोक चौकटीत असायचं आणि टेबल घाईने सरकवलेलं नसायचं. कोण आहे ते कधी कळलं नाही. त्याच्या सीडीवर मी निश्चिंत मत द्यायचो.

याच काळात राजीव गांधी जीवनदायी योजना आली. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर. गरिबाची अँजिओप्लास्टी फुकट झाली, हे फार मोठं काम झालं आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण मंजुरीसाठी निवडक चित्रं अपलोड करायची पद्धत पडली आणि सर्वांत वाईट दिसणारी फ्रेम उचलायची सवय लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध लेपलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली गेली, पेढे वाटावेत असा दिवस. स्टेंट बसवायच्या आधीचं चित्रण कसं असावं, यावर मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

एका परिषदेत मी हा मुद्दा काढला, तर व्यासपीठावरून उत्तर मिळालं की व्ह्यू कमी घेतले की डाय वाचतो, किरणोत्सर्ग वाचतो. किडनी नाजूक असलेल्या रुग्णापुरतं ते खरंच आहे. पण एका जादा व्ह्यूला डाव्या बाजूला ८-१० मिलिलिटर डाय लागतो. तो वाचवायचा आणि अर्ध्या माहितीवर दोन स्टेंट बसवताना त्याच्या कितीतरी पट ओतायचा, हा हिशोब मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही.

आज यंत्रं उत्तम आहेत आणि मूळ डायकॉम फाइल रुग्णालयाच्या सर्व्हरवर सुखरूप आहे. बाहेर येतं ते भुसकट. मॉनिटर आणि मोबाइल यांचा वेग जुळत नाही म्हणून पडद्यावर पट्टे फिरतात, व्हॉट्सॲप चित्र दाबून टाकतं, करड्या छटा जातात. सेकंदाला १५ चित्रं घेतलेला मूळ रन कधीकधी आठच सेकंदांचा असतो, पण त्यातली एकेक फ्रेम थांबवून पाहता येते. मोबाइलच्या व्हिडिओत तो हिशोबच मोडतो. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. चित्रण हाही त्याच नोंदीचा भाग आहे, असं मी धरतो. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर लिहितो, "मूळ डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी."

सेलूकडचे एक काकाजी ती चिठ्ठी घेऊन तीनदा जाऊन आले. शेवटी एक लिंक मिळाली. मी उघडेपर्यंत तिची मुदत संपली होती. आता त्यांना अँजिओग्राफी पुन्हा करायला सांगितलंय, आणि त्यांची किडनी नाजूक, क्रिएटिनिन आधीच वाढलेलं आहे.